दुपट्ट्याखालचं वजन

आमच्या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, नजरेखालून गेलेला एकही माणूस आजवर बैल झाल्यावाचून सुटलेला नाही. ही त्यांची निंदा नव्हे. त्यांच्या लेखी माणसाला याहून मोठा मान देताच येत नाही. उभा जन्म त्यांनी बैलबाजारात दलाली करण्यात घालवला. अकोल्यापासून अंजनगाव सुर्जीपर्यंतचे सगळे बाजार त्यांच्या टाचांना पाठ. पुढे शेतोशेती ट्रॅक्टर आले, बाजार बसत गेला आणि त्याच्याबरोबर तेही घरी बसले. नजर मात्र बसली नाही. दारात कोणी आलं की ती आधी त्याच्या पायांवर जायची, तिथून पोटऱ्या, कंबर, खांदा असं करत वर चढायची आणि चेहऱ्यापाशी पोचेपर्यंत बहुतेकदा कंटाळून गेलेली असायची. त्यामुळे त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, चाली राहत. गॅसची टाकी आणणारा दर खेपेला तोच, पण एकदा नव्या चपला लागत असल्यामुळे त्याची चाल बदलली, तर काकांनी त्याला ओळखलंच नाही. वर म्हणाले, "हा नवा पोट्टा मागच्या उजव्यानं अंग राखून राह्यला." काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून म्हणाल्या, "मानसाले मागचा पाय कुठून आला?" काका शांतपणे म्हणाले, "असते. दिसत नाई."

अशा माणसापुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो तो दिवस आठवला की अजून कानशिलं गरम होतात. मी कोकणातला, समुद्राकाठचा. शाळा आठवीतच सोडली, मग मिळेल ते काम करत करत गावच्या एका ओळखीनं थेट अकोल्याच्या बेकरीत येऊन पडलो. इथल्या उन्हाची सवय नाही, भाषा निम्मी कळते, निम्मीला मान हलवायची, आणि बरोबर हे एवढं मोठं शरीर. माझं शरीर मला नेहमी कोणाकडून तरी मागून आणलेलं आणि परत करायला उशीर झालेलं वाटत आलं आहे. कुठेही शिरायचं तर मी आधी दाराची माफी मागतो. दुसरीकडे खोली बघायला गेलो की तिथली घरमालकीण माझ्याकडे बघायची, मग खाटेकडे बघायची आणि खोली कालच दिली म्हणायची. काकांनी खाटेकडे बघितलं नाही. मला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि हात पाठीशी बांधून माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारली. रस्त्यानं जाणारी दोन माणसं बघायला थांबली. मी डोळे मिटून घेतले. मला लहानपणापासून वाटत आलंय की आपण मिटले म्हणजे लोकांचेही मिटतात. फेरी संपवून काका म्हणाले, "खांदा चांगला हाय. पोटाचं पाहू मंग." आणि किल्ली दिली. आजवर माझ्या अंगातल्या कुठल्याही भागाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या खांद्याच्या जोरावर मी त्या घरात राहिलो.

काकांचा मुख्य छंद म्हणजे आल्यागेल्याचा दम तपासणं. पाहुणा आला की काकू चहाचं आधण ठेवत. ते उकळेपर्यंत पाहुण्यानं फाटकापासून लिंबोणीपर्यंत जायचं आणि परत यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. आपल्या चालीनं, जमेल तसं. कोणी घाई केली की काका रागावत. "पळवून बैल पारखत नाई, बावा. पळवला का समद्यायच्याच जिभा बाहेर. हळू चालव, मंग बसव, अन् पाह्य. बसल्यावर किती वेळानं रवंथ कराले लागते, ते त्याचं खरं माप." माणूस रवंथ करत नाही ही अडचण त्यांनी आपल्या परीनं सोडवली होती. बैल बसला की रवंथ करतो, माणूस बसला की चुगली करतो. चालून आल्यावर जो जितक्या लवकर तिसऱ्याबद्दल बोलायला लागेल, त्याचा दम तितका चांगला. या हिशेबानं समोरचे वकील अख्ख्या गल्लीत पहिले यायला हवे होते. पण काकांनी त्यांना स्पर्धेतून काढूनच टाकलं होतं, कारण ते चालतानाही बोलायचे थांबत नसत आणि मग माप सुरू कुठून करायचं हेच कळेना.

हे शास्त्र नेहमी बरोबर यायचं असंही नाही. शेजारच्या मुलीला बघायला एक स्थळ आलं होतं. नवरा मुलगा हवा खायला म्हणून बाहेर ओट्यावर आला, तर काकांनी त्याला गोड बोलून लिंबोणीपर्यंत फिरवून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. मुलगा बसला तो बसलाच. चहा झाला, बशी निवली, तरी तोंडातून शब्द नाही. काका उठून शेजारी गेले आणि मुलीच्या वडिलांच्या कानात म्हणाले, की जनावर दिसाले देखनं हाय, पन छातीत दम नाई. चांगलं स्थळ मोडता मोडता राहिलं. नंतर कळलं की तो मुलगा आईच्या पोटातूनच अबोल. लग्न झालं, संसार छान चालला आहे, आणि आता तो जावई दिवाळीला सासरी आला की फाटकातून काका दिसताच मोठ्यानं कोणाची तरी निंदा करत येतो.

माझी गत त्या जावयासारखीच होती. मी चालून यायचो, बसायचो आणि गप्प राहायचो. धाप मला लागायची नाही असं नाही, पण धाप उतरली तरी बोलणार काय आणि कोणाबद्दल? परक्या गावात माणूस तोंड जपून वापरतो. माझी भाषा ऐकून बेकरीतली पोरं हसायची, म्हणून मी ती दिवसभर खिशात ठेवायचो. काका माझ्या मनगटावर बोटं ठेवून वाट बघत, मग हताश होऊन म्हणत, "तुह्यं माप निघत नाई, कोकनवाल्या." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढा मोठा माणूस असून साधं माप निघू नये.

काकांची मुलगी अमरावतीला व्यायामोपचाराच्या एका केंद्रात होती. आजारातून उठलेल्यांना, ऑपरेशनला जाणाऱ्यांना हळूहळू चालवून त्यांच्या छातीची ताकद मोजायची, हे तिचं शिक्षण आणि हेच तिचं काम. मी त्यांना ताई म्हणतो. बापलेकीचा धंदा खरं तर एकच, पण असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. त्या फोनवर सांगायच्या, की बाबा, बोलण्यावरून काही कळत नाही, नाडीवरून कळतं. तुम्ही लोकांना उगीच घाबरवू नका. आणि केंद्रात भेटायला आलात तर बैलाचं नाव काढू नका. हे शेवटचं काका आम्हाला हसत सांगायचे, पण सांगून झालं की दुपट्टा खांद्यावरून काढून उगाच झटकायचे.

त्या ताईंनीच काकांना वजनकाटा आणून दिला होता. दर रविवारी काका मला त्याच्यावर उभं करत. काट्यावर चढायचं म्हटलं की माझे तळपाय घामानं निसरडे होत. पण काकांची एक रीत होती. वजन ते कधी तोंडानं सांगत नसत. बैलबाजारात भाव ठरतो तो दुपट्ट्याखाली; दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि भोवती शंभर माणसं असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. मी डोळे मिटून उभा असायचो; काका खाली वाकून काटा बघत, मग माझ्या हातावर दुपट्टा टाकत आणि माझी बोटं एकेक करून दाबत. "भाव अन् वजन मोठ्यानं बोलाची गोष्ट नाई. ज्याचं त्यालेच. समजलं?"

मी म्हणायचो, समजलं.

मला काहीही समजत नसे. कुठलं बोट म्हणजे किती, अर्धं पेर म्हणजे काय, मुठीचा अर्थ काय, यातलं अक्षर मला येत नव्हतं. पहिल्या रविवारी विचारायची लाज वाटली, दुसऱ्या रविवारी पहिल्या रविवारची लाज वाटली, आणि मग ते तसंच पडून गेलं. काकांनी बोटं जास्त वेळ दाबली की मी चेहरा गंभीर करायचो, कमी वेळ दाबली की जरा हसायचो. ते खूश व्हायचे. काकूंना म्हणायचे, पोट्टा मनावर घेऊन राह्यला. इतकी माया करणाऱ्या माणसाला मी दर रविवारी फसवत होतो आणि माझं वजन किती हे अकोल्यात एकट्या काकांना माहीत होतं.

त्यातच मला हर्निया झाला. मैद्याची पोती उचलून उचलून जांघेत गाठ आली. मी कोणाला बोललो नाही, पट्टा बांधून भट्टीपुढे उभा राहत होतो. शेवटी एकदा पोतं हातातून सुटलं आणि बेकरीच्या मालकांनी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण वजन जास्त आहे, भूल द्यायच्या आधी दम तपासून या. मालक म्हणाले, बरा होऊन ये, नाहीतर गावाला जा. पोती न उचलणारा माणूस ठेवून मी काय करू, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही बरोबर होतं. गावाला जाऊन मी तरी काय करणार होतो? तिथं आई होती, आणि मी पाठवीन त्याची वाट बघणारं घर होतं. तरीही मी ती तपासणी टाळत राहिलो. मरणाची भीती मला नव्हती. तपासणीच्या जागी काटा असणार, आणि काट्याशेजारी माणसं असणार.

काकांना मी काही सांगितलं नव्हतं. पण मी फाटकातून आत येताना त्यांनी बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला. "डाव्या अंगाले काई तरी लपवून राह्यला तू," म्हणाले. त्यांच्यापुढे लपवणं काही जमायचं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, की उद्या सकाळच्या गाडीनं अमरावतीले जाऊ. काकूंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. बसमध्ये मी सवयीनं अर्धा सीटवर आणि अर्धा हवेत बसलो, शेजारच्याला त्रास नको म्हणून. मूर्तिजापूर गेल्यावर काकांनी माझी मांडी आत ओढून घेतली आणि म्हणाले, "तिकीट पुरं काढलं ना तुह्यं? मंग पुरा बस." मी पुरा बसलो. बडनेऱ्यापर्यंत मला त्याचीच लाज वाटत होती.

केंद्रात मोठा हॉल होता, खुर्च्या भरलेल्या, कोपऱ्यात विमानासारखा आवाज करणारा कूलर. आणि माझी भीती खरी निघाली. दारातच काटा, वर मोठ्या लाल आकड्यांची पाटी. एक मुलगी एकेकाला त्यावर चढवत होती आणि पलीकडे कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला आकडा ओरडून सांगत होती. तिची काही चूक नव्हती. कूलरपुढे ओरडल्याशिवाय त्याला ऐकू गेलंच नसतं. माझा नंबर आला तेव्हा मी पाण्याच्या माठाकडे वळलो होतो. माठाच्या शेजारी बाहेर जायचं दार होतं. संध्याकाळची गाडी पकडायची, बेकरीचा निरोप घ्यायचा आणि गावी जायचं, इथवर माझं ठरलं होतं. काकांनी मला हाक मारली नाही. ते काट्यापाशी गेले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्या लाल आकड्यांच्या पाटीवर टाकून दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ये. आता चढ."

मी चढलो. सगळा हॉल बघत होता. मुलगी म्हणाली, आजोबा, हे काय? काकांनी दुपट्ट्याखाली डोकं घालून आकडा वाचला, बाहेर आले आणि तिला म्हणाले, हात दे, सांगतो. तिनं हात मागे घेतला. कोणी तरी हसलं, आणि खुर्च्यांमधून एक आवाज आला, की हा काय बैलबाजार आहे का? मग बरीच माणसं हसली. त्याच वेळी आतलं दार उघडून ताई बाहेर आल्या. त्यांनी वडिलांना बघितलं, दुपट्टा बघितला, मला बघितलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. तो रंग मी ओळखतो. आयुष्यभर माझ्याच तोंडावर पाहत आलो आहे. मला वाटलं, माझ्यापायी या बाईला आज आपल्या माणसांत मान खाली घालावी लागली. यापेक्षा हर्नियानं गेलो असतो तर बरं. काका हात पुढे धरून तसेच उभे होते. लेक काय करील हे त्यांनाही माहीत नव्हतं.

ताईंनी कॉम्प्युटरवाल्या माणसाला थांबायला सांगितलं. मग त्या काट्यापाशी आल्या आणि काकांच्या हातासकट आपला हात पाटीवरच्या दुपट्ट्याखाली सरकवला. बापलेकीनं तोंडं दोन दिशांना फिरवली. बाजारात तसंच करतात म्हणे. बोटं बोलत असताना डोळ्यांनी काही सांगू नये म्हणून. हॉलमध्ये नुसता कूलर वाजत होता. लहानपणी ही मुलगी बापाच्या मांडीवर बसून कापडाखाली हात घालायची, हे काकूंनी मला कधीतरी सांगितलं होतं. मला ते तेव्हा आठवलं.

ताईंनी हात काढला आणि स्वतः जाऊन आकडा टाइप केला. जाता जाता हळूच म्हणाल्या, "शेवटचं बोट लय हलकं दाबलं तुमी, बाबा."

"ध्यानात हाय तुह्या?"

"हाय."

ताईंना वऱ्हाडी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग चालायचं होतं. लांब बोळ, दोन टोकांना दोन खुणा. ताईंनी माझ्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला आणि समजावलं: सहा मिनिटं, आपल्या चालीनं, थकलात तर थांबा, ही शर्यत नाही. काकांना बरोबर चालायची परवानगी नव्हती. ते एका टोकाला उभे राहिले आणि मी जवळ आलो की जिभेनं टक्‌ टक्‌ असा आवाज काढू लागले. ताईंनी बघितल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला, तरी मी जवळ आलो की त्यांचे गाल हलत होते. मी चालत होतो. माझी पावलं मला फार मोठ्यानं ऐकू येत होती. एकदा छाती भरून आली तेव्हा भिंतीला हात लावून थांबलो आणि सवयीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. ताई घड्याळ बघत होत्या आणि काका माझे पाय. मी पुन्हा चालू लागलो.

वेळ संपली. मला खुर्चीवर बसवलं. ताई यंत्राकडे बघत होत्या, काका माझ्या बरगड्यांकडे. धाप हळूहळू उतरत होती, आणि कसं कोण जाणे, मी बोलायला लागलो. कोणी काही विचारलं नव्हतं. आमच्या शाळेत एकदा वजनं घ्यायला माणसं आली होती. व्हरांड्यात काटा मांडला होता. गुरुजी प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं वाचायचे आणि पोरं तो मागून म्हणायची, पाढ्यासारखा. माझा आकडा पोरांनी कितीदा तरी म्हटला. मधल्या सुट्टीत मी दप्तर तिथंच ठेवून घरी गेलो. आईला सांगितलं की मला अभ्यास जमत नाही. तिनं ते खरं मानलं, अजून मानते. "मला अभ्यास जमत होता," मी म्हणालो. "गणित तर चांगलं यायचं." हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललो नव्हतो, आणि बोललो ते माझ्या गावच्या भाषेत, खिशातल्या. त्या दोघांना त्यातलं निम्मं तरी कळलं असेल की नाही कोणास ठाऊक.

काका लेकीकडे वळून म्हणाले, "सुरू झाला."

"मले यंत्र पाहू द्या, बाबा," ताई म्हणाल्या. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या की वजन कमी करायला हवं, पण दम ठीक आहे, ऑपरेशन होऊ शकतं, तसं डॉक्टरांना लिहून देते. काका आपलंच खरं निघाल्यासारखे हसले. परतीच्या बसमध्ये ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. मी अकोला येईपर्यंत हललो नाही.

ऑपरेशन झालं. मालकांनी मला ठेवून घेतलं, पोत्यांवरून काढून टोस्टच्या भट्टीवर घातलं. वजन थोडं उतरलं आहे. लाजही थोडी उतरली आहे. वजनासारखीच, कधी वरखाली होते. गेल्या वर्षी काकांचे गुडघे अगदीच गेले, तेव्हा ताईंनी दोघांना अमरावतीला नेलं. सामान चढवून झालं, काकू ऑटोत बसल्या. काका फाटकात थांबले, माझ्या पायांकडे बघितलं, मग दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकला. त्या दिवशी रविवार नव्हता आणि मी काट्यावरही नव्हतो. तरी ते दाबत राहिले, बराच वेळ, एकेक बोट. मग म्हणाले, "समजलं?"

मी म्हणालो, समजलं.

ऑटो वळून गेल्यावर मला कळलं की आता विचारायलाही उशीर झाला. ताईंना फोन करून विचारता येईल. पण ज्याचं त्यालेच, असं ते म्हणायचे, आणि इतके रविवार खोटं बोललो हे कोणत्या तोंडानं सांगू? अजून कधी भट्टी तापायची वाट बघत बसलो की डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं दाबून बघतो, त्यांनी दाबली तशीच: आधी मधलं, मग करंगळी, मग पुन्हा मधलं, आणि शेवटी सगळा पंजा एकदम, जरा जास्त वेळ.